तरल, पातळ की आणखी काही? पेशीपटलावरून अडलंय

डिचोलकार:
मंडळी, मदत करा. आमच्या गावच्या वाचनालयात रविवारी मुलांसाठी विज्ञानाचे तक्ते लावतोय, माझ्या वाट्याला पेशी आली. आपल्या गोव्यात हे नेहमीचंच दुखणं, चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून सगळं सायन्स इंग्रजीत, त्यामुळे विषय कळतो पण शब्द हाताशी नसतो. पेशीभोवतीचं आवरण म्हणजे पेशीपटल, त्याची रचना सांगणारं सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेलं ते फ्लुइड मोझॅक मॉडेल, त्यातलं फ्लुइड. मी लिहिलं "पेशीपटल तरल असते". सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं नि म्हणाले, "कविता करते काय गो ती पेशी?" झालं, आता मलाही ते तसंच दिसायला लागलंय. हिंदी पुस्तकांत तरलच आहे. मराठीत काय लिहू? एकच शब्द मावेल एवढीच जागा आहे.

ओसरीवरून:
तरल बरोबर आहे, बदलू नका. संस्कृतात तरल म्हणजे थरथरणारं, इकडेतिकडे हलणारं. हाराच्या मधल्या मण्यालाही तरल म्हणतात, माझ्या मते तो गळ्यात हलत असतो म्हणून. तरल कविता, तरल भावना हे सगळं मागाहून चिकटलेलं.

नुस्तेंखाऊ:
काका, संस्कृतातलं संस्कृतात राहू दे, आज तरल म्हटलं की मराठी माणसाला भावगीतच आठवतं. सरळ "पातळ" लिहा.

म्हादईकाठ:
पातळ नको हो. जाड नाही तेही पातळ आणि दाट नाही तेही पातळ, पंचाईत अशी की हे पटल दोन्ही अर्थांनी पातळ, फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर जेमतेम ५ नॅनोमीटरचा. मुलं पहिलाच अर्थ घेणार. आमच्या आईला विचाराल तर पातळ म्हणजे नेसायचं.

मी बारावीला हे शिकवते म्हणून सांगते. रेणूंची डोकी दोन्ही बाजूंना पाण्याकडे आणि शेपट्या आत, समोरासमोर. कोणी कोणाला बांधलेलं नाही, सगळे आपापल्या थरात बाजूबाजूला भराभर सरकत असतात, सेकंदाला दोनेक मायक्रोमीटर, म्हणजे जिवाणूच्या या टोकापासून त्या टोकाला साधारण सेकंदात. पण एका थरातून दुसऱ्या थरात कोलांटी मारणं फार क्वचित. म्हणून मला "प्रवाही"ही पटत नाही. प्रवाह कुठेतरी जातो, म्हादई शेवटी समुद्राला मिळते. हे बापडे जागच्या जागीच गर्दीत फिरतात, जत्रेत फिरल्यासारखे.

नुस्तेंखाऊ:
माझ्या डोळ्यांसमोर खोबरेलाची बाटली आली. डिसेंबरात सकाळी न्हाणीघरात ती थिजलेली असायची, आई कढत पाण्याच्या तांब्यात उभी करून ठेवायची, मग कडेकडेने सुटायचं आणि मधे पांढरा खांब तरंगत राहायचा. बांगड्याचं तेल मात्र असं थिजलेलं कधी बघितलं नाही. त्यातलाच प्रकार का हा?

म्हादईकाठ:
त्यातलाच! खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, कारण त्यातल्या बहुतेक शेपट्या सरळ, हिरांच्या केरसुणीसारख्या दाटीने बसतात. असंपृक्त शेपटीला मधे बाक असतो, ती शेजारणीला चिकटून बसू देत नाही. थंड पाण्यातल्या माशांच्या पटलांत अशा वाकड्या शेपट्या जास्त, नाहीतर पटल थिजून काम थांबलं असतं. आणि डॉक्टर ज्याच्यावरून ओरडतात ते कोलेस्टेरॉल इथे राखणदार, उष्म्यात पटल फार सैल होऊ देत नाही आणि थंडीत थिजू देत नाही.

नुस्तेंखाऊ:
मग "लिबलिबीत" लिहा, प्रश्न मिटला.

तिसरीघंटा:
मुळात पटल कशाला? "पडदा" म्हणा, कानाचा पडदा म्हणतोच की आपण. आणि त्यातून काय आत सोडायचं काय नाही हेही पडद्याचंच काम. (आमच्या जत्रेतल्या नाटकात एकदा पडदा अर्ध्यावर अडकला आणि राजाचे फक्त पाय दिसत होते, संवाद तसाच चालू.)

ओसरीवरून:
पडदा फारसी.

तिसरीघंटा:
आणि पेशी? आमची वहिनी विदर्भातली, तिच्याकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख.

ओसरीवरून:
ती फारसी, ही संस्कृत, मूळ अर्थ मांसाचा गोळा. म्हणून तर हिंदीत स्नायूला मांसपेशी म्हणतात आणि याला कोशिका. आपल्या मराठी विश्वकोशातही कोशिकाच आहे. खरं तर तक्त्यावर तेच हवं.

डिचोलकार:
काका, मला फ्लुइडचा शब्द हवाय, पेशीचा आहे माझ्याकडे.

काणकोणी:
एवढा ऊहापोह कशाला, महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकांत शब्द तयार आहे, "द्रायू". द्रव अधिक वायू. परिभाषा असते ती वापरायला.

नुस्तेंखाऊ:
द्रायू ऐकून मला खोकल्याचं औषध वाटलं.

म्हादईकाठ:
शब्द चांगला आहे पण फिजिक्समध्ये. पटलात वायूचा काय संबंध? इथे फ्लुइड म्हणजे अवस्था नव्हे, सरकतं असण्याचा गुण. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी माणसाची आणि उंदराची पेशी एकमेकींत जुळवली, दोघींच्या पटलावरची प्रथिनं वेगवेगळ्या रंगांनी चमकवली. सुरुवातीला अर्धी अशी, अर्धी तशी. ३७ अंशांना ४० मिनिटांत सगळी सरमिसळ. थंड ठेवल्यावर मात्र मिसळेनात. हे चित्र ज्या शब्दातून दिसेल तो शब्द हवा.

तिसरीघंटा:
मग मोझॅकच चुकीचं! आजोळच्या ओसरीवर फुटक्या बश्यांच्या तुकड्यांची जमीन होती, निळ्या फुलाची एक कपची बरोबर उंबऱ्यापाशी. पन्नास वर्षं झाली, तिथेच आहे. "चालत्या लाद्या" म्हणा.

काणकोणी:
लादी कोंकणी. मराठीत फरशी.

नुस्तेंखाऊ:
कोण म्हणतो? मुंबईत पुसतात ती काय असते?

काणकोणी:
मुंबईचं मराठी प्रमाण कधीपासून झालं?

डिचोलकार:
तक्ता लागला एकदाचा. अक्षरं नणंदेच्या मुलाने काढली आणि त्याने लिहिलं "पेशीपटल तरळ असते". रंग वाळल्यावर दिसलं.

ओसरीवरून:
वा! तरळणं आणि तरल मूळ एकच, मी पैजेवर सांगतो. डोळ्यांत पाणी तरळतं ना?

म्हादईकाठ:
खरं तर वाईट नाही. प्रथिनं त्या थरात तरळतातच.

काणकोणी:
म्हणजे शुद्धलेखनाची चूक आता परिभाषा? उद्या पेशीला पेटी लिहा.

डिचोलकार:
सासरे काहीच म्हणाले नाहीत. कालपासून तक्ता बघायला येणाऱ्याला ते खोबरेलाचं सांगतायत.

नुस्तेंखाऊ:
ते असो, लादीचं काय ठरलं?