धारवाड-कोल्हापूरला पत्रकारिता शिकलेल्यांनो, तुमची खबर सांगा

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून पत्रकारिता शिकायला कुणी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात जातं, कुणी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात. पुढं कोण कुठं लागलं, कुणाचं काय चांगलं झालं, एकमेकांना पत्ताच नसतो. म्हणून हा धागा. मोठा पुरस्कारच हवा असं नाही. पहिली बायलाइन, म्हणजे बातमीवर आपलं नाव, मिळाली तरी लिहा, मनापासून आनंद होईल.

चिक्कोडीहून
मी कन्नड वाहिनीला आहे, घरात मराठी. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णाकाठी होतो. माइकला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, रबर लावून. कन्नडमधून लाइव्ह संपलं की तिथंच बायका मराठीत विचारायच्या, 'दादा, पाणी कवा उतरणार? जनावरं वर काढलीत, वैरण कोण देणार?' वैरणीचा प्रश्न मी पुढच्या लाइव्हला घेतला, मग रोज घेतला. त्या वार्तांकनाचा माझ्या वाहिनीत गौरव झाला. धारवाडला सर सांगायचे, आधी माणसाचं ऐकून घे, मग कॅमेरा चालू कर. तेच कामी आलं.

निपाणीहून
माझी पीएच.डी. झाली! विषय बेळगावची मराठी वृत्तपत्रं. बाबूराव ठाकूर यांनी 1919 मध्ये 'तरुण भारत' सुरू केला, तिथून पुढचा काळ घेतला. जुन्या अंकांची पानं घडीवर तुटतात, म्हणून खाली पुठ्ठा सरकवून पान उलटायचं. बातम्यांइतक्याच जाहिरातीही वाचल्या. बाजारात काय विकलं जात होतं, ते तिथं जास्त कळतं. आई विडी कामगार. व्हायव्हाला ती मागच्या बाकावर बसली होती.

खानापूरहून
दैनिकाची तालुका वार्ताहर झाले. कणकुंबी भागातल्या एसटीवरची माझी बातमी पहिल्या पानावर आली. एवढंच.

बेळगाव, टिळकवाडी
कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथल्या सुवर्णसौधमध्ये भरतं तेव्हा आमच्या डेस्कची खरी परीक्षा. मंत्र्याचं उत्तर कन्नडमध्ये, आमचा अंक मराठीत, आणि पान सोडायची वेळ काही थांबत नाही. यंदा अधिवेशनाचं पान माझ्याकडं दिलंय. आकडा दोनदा पडताळल्याशिवाय पान सोडत नाही. आणखी एक सुचवते. आपण 6 जानेवारीला पहिल्या मराठी वृत्तपत्राची, 'दर्पण'ची आठवण काढतो, कन्नड पत्रकार 1 जुलैला पहिल्या कन्नड वृत्तपत्राची, 1843 च्या 'मंगळूर समाचार'ची. दोन्ही दिवशी दोघांनी एकत्र बसायला हवं. बातमीसाठी आपण एकमेकांना फोन करतोच की.

बेळगावहून, बीए शेवटचं वर्ष
ताई, धारवाडला जाऊ की कोल्हापूरला? कन्नड वाचता येतं, लिहिताना अडतं.

टिळकवाडीहून, वरच्यालाच उत्तर
दोन्हीकडचा प्रवेश अर्ज भर. बेळगावातच काम करायचं असेल तर कन्नड लिखाणाचा सराव आजपासून धर. रोज एक कन्नड बातमी मराठीत आणि एक मराठी बातमी कन्नडमध्ये लिहून काढ. मला पाठव, मी तपासून देते.