'टेक्निकल डेट'ला मराठीत काय लिहायचं?

पाटीपेन्सिल:
डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातल्या पोरांसाठी आम्ही काही जण मराठीत नोट्स करतोय, कोडिंगच्या नाही, नोकरीला लागल्यावर टीममध्ये नक्की काय चालतं त्याच्या. कोड रिव्ह्यू, एस्टिमेट, ऑन-कॉल हे तसंच ठेवलंय, त्यावर कुणाची तक्रार नाही. गाडी अडलीये टेक्निकल डेटवर, म्हणजे घाईत कामचलाऊ कोड लिहिला की त्याचा जो भुर्दंड नंतर पडतो त्यावर. 'डेट वाढत जाते' वाचून एक पोरगा म्हणाला, म्हणजे रिलीज पुढे ढकलतात का? देवनागरीत कर्जाचा डेट आणि तारखेचा डेट दोन्ही सारखेच की हो. मग 'तांत्रिक कर्ज' केलं तर कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या हे मशिनरीसाठी मिळणाऱ्या सरकारी योजनेसारखं वाटतंय. सुचवा काहीतरी.

शेंगदाणा_कूट:
तांत्रिक मुळीच नको. तांत्रिक म्हटलं की एकतर बांधकाम खात्याची तांत्रिक मान्यता नाहीतर लिंबू-मिरची. सरळ 'उधारी' लिहा.

रात्रपाळी:
उधारी वाण्याकडे असते, तो वहीत लिहून तरी ठेवतो. कोडमध्ये होतं ते हातउसनं. क्लायंट डोक्यावर बसलाय, संध्याकाळी डिप्लॉय आहे, मग जीएसटीचा दर सेटिंगमध्ये न ठेवता थेट कोडात कोंबायचा आणि वर कॉमेंट मारायची, नंतर करू. आमच्याकडे असंच होतं, दर बदलायची वेळ आली तेव्हा सगळीकडे ०.१८ शोधून बदललं आणि खूश झालो, पण एका रिपोर्टात कुणीतरी १.१८ ने गुणलं होतं, ते सर्चमध्ये आलंच नाही, अकाउंट्सवाल्यांनी महिनाअखेरीला पकडलं. लिहिणारा कधीच सोडून गेलेला.

कोबॉलकाका:
हातउसन्याला व्याज नसतं बाळा, आणि या शब्दाचा सगळा जीव व्याजात आहे. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने 1992 मध्ये ही उपमा दिली तेव्हा तो वायकॅश नावाचं गुंतवणुकीचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर करत होता, साहेब पैशाच्या धंद्यातला, म्हणून त्याला पैशाच्या भाषेत सांगितलं. अर्धवट समजुतीवर लिहिलेला कोड पाठवा, वेग येतो, पण समज वाढली की परत येऊन नीट करा, नाही केलंत तर पुढचा प्रत्येक बदल महाग पडत जातो, ते व्याज. मुद्दाम गचाळ लिहा असं तो कधीच म्हणाला नव्हता. रात्रपाळी, तुमचं ते कर्ज नव्हे, नुसता आळस.
आम्ही वायटूकेची, म्हणजे 2000 साल लागताना तारखा चुकू नयेत याची कामं केली. वर्ष दोन आकड्यांत ठेवलेलं, कारण साठ-सत्तरच्या दशकात मेमरी सोन्याच्या भावाची. त्यांचा निर्णय तेव्हा बरोबरच होता, व्याज 1999 मध्ये आलं आणि गंमत म्हणजे त्या व्याजावर आपल्याकडची कितीतरी घरं उभी राहिली. आमच्या गावाकडे पेरणीला दाणे दिढीने आणायचे, पोतं आणलं तर सुगीला दीड पोतं परत. ते खरं चित्र.

भाषाभगिनी:
कर्ज, उधार करत बसलाय, 'ऋण' हा स्वच्छ शब्द असताना? कर्ज अरबी आहे, मूळ अर्थ कापणे. 'संहिता-ऋण' करा की, संहिता म्हणजे कोड.

शेंगदाणा_कूट:
ताई, मराठी माणूस ऋण फेडत नाही, 'आपल्या ऋणातच राहू इच्छितो' म्हणून भाषण संपवतो. म्हणजे शब्द अगदी फिट्ट आहे म्हणा, आमची टीम तेच करते.
आणि उधार संस्कृतातल्या उद्धारावरून आलाय, तो कसा चालत नाही तुम्हाला?

भाषाभगिनी:
चालतो, पण 'डेट' चालवून घ्यायचं हे नाही चालत. तुम्ही लोक मराठीत विचारच करत नाही.

मधलीसुट्टी:
शब्द कुठलाही घ्या, पोरांना हे सांगा की हे निस्तरणाऱ्याला अप्रेझलमध्ये काही मिळत नाही. नवीन फीचर केलं की डेमो, टाळ्या. जुनं नीट केलं की 'या क्वार्टरला काय केलंस?' मी आता त्या कामाची वेगळी नोंद, म्हणजे तिकीटच काढत नाही, फीचरच्या एस्टिमेटमध्येच साफसफाई धरते. कर्ज शब्दाचा एवढाच फायदा की मॅनेजरला कळतो, 'कोड घाण आहे' म्हटलं की त्याला वाटतं ही कुरकुर करतेय.

रात्रपाळी:
आमच्या आर्किटेक्टने वेगळाच मार्ग काढलाय, तुकोबांसारखी सगळी कर्जखतं इंद्रायणीत. म्हणजे सगळं नव्याने लिहायचं.

कोबॉलकाका:
अहो, तुकोबा सावकार होते! लोक त्यांचं देणं लागत होते, त्यांनी आपलं येणं बुडवलं. कर्जदारानेच खतं बुडवली तर त्याला दिवाळं म्हणतात. नेटस्केप ब्राउझरवाल्यांनी तेच केलं, 1997 मध्ये चौथी आवृत्ती, मग सगळं नव्याने लिहायला घेतलं, पाचवी आलीच नाही आणि सहावी आली 2000 च्या नोव्हेंबरात. तोवर मायक्रोसॉफ्टने बाजार खाल्ला.

मधलीसुट्टी:
आणि बुडवलं नाही तरी मरण. अमेरिकेतली शेअरची खरेदी-विक्री करणारी कंपनी नाइट कॅपिटल, ऑगस्ट 2012, वर्षानुवर्षं न वापरलेला कोड तसाच पडलेला, त्याचाच जुना फ्लॅग, म्हणजे चालू-बंद करायची खूण, नव्या कामाला वापरला, आठ सर्व्हरपैकी एकावर नवीन कोड टाकायचा राहिला आणि तिथे तो जुनाच कोड चालू झाला. पाऊण तासात 44 कोटी डॉलरच्या आसपास गेले. नोट्समध्ये हे घाला, व्याख्या गेली खड्ड्यात.

पाटीपेन्सिल:
घालते, पण वर मथळा काय देऊ? सोमवारी झेरॉक्सला जातंय.

शेंगदाणा_कूट:
काका, ते दिढी नाही, दिडी. दीडपट म्हणून दिडी.

कोबॉलकाका:
दिढी. ढ ढगातला. आमच्या आजोबांच्या वहीत तसंच आहे.

भाषाभगिनी:
शुद्ध रूप मुळात 'दीडी' असायला हवं, दी दीर्घ.

कोबॉलकाका:
दीर्घ असेल तर मी सावकारी सोडतो.