वर्गात एआय नक्की कशासाठी वापरता?

खडूडस्टर: सातवीला गणित-विज्ञान शिकवते. चॅटजीपीटीकडून सरावाचे प्रश्न काढते, वेळ वाचतो, पण पोरंही गृहपाठ तिथूनच उतरवून आणायला लागलीत, सगळ्यांची उत्तरं एका छापाची. एआयने लिहिलेलं पकडणारी टूल्स असतात ना, ती घेऊ का? तुम्ही काय करता?

मागचा_बाक: टूलच्या भरवशावर कोणाला चोर ठरवू नका प्लीज. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच स्वतःचं असं टूल जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असल्या टूल्सना, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध दिले तर निम्म्याहून जास्त एआयचे म्हणून दाखवले! साधी भाषा लिहिणारं पोरगं नाहक अडकतं. त्यापेक्षा वहीतलं उत्तर बाजूला ठेवून तोंडी विचारा, दोन मिनिटांत कळतं.

अपूर्णांक: मी प्रश्न बनवायलाच वापरतो पण नुसतं 'दहा प्रश्न दे' म्हटलं की चुकीचे पर्याय अगदीच बाळबोध येतात, म्हणून मुलं कुठे चुकतात ते सांगून मागतो. २/३ + १/४ ला ३/७ हा पर्याय हवाच कारण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारी मुलं तिथेच सापडतात. (बरोबर उत्तर ११/१२, आणि उत्तरसूची स्वतः सोडवून बघायचीच, आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर ठोकून देतं ते.)

खडूडस्टर: हे भारी आहे. मग मुलांनाच वर्गात वापरायला दिलं तर?

मागचा_बाक: सातवीत बरीच मुलं बारा वर्षांची, चॅटजीपीटीच्या नियमात किमान तेरा आणि अठराच्या आत पालकांची परवानगी लागते. तुम्हीच प्रोजेक्टरवर दाखवा. आणि मुलांची नावं, मार्क वगैरे त्यात टाकू नका.

अपूर्णांक: +१. विज्ञानासाठी एक करून बघा, त्याला परिच्छेद लिहायला लावा आणि मुद्दाम चुका पेरायला सांगा, मुलांनी पुस्तक उघडून त्या शोधायच्या. 'वनस्पती फक्त रात्रीच श्वसन करतात' हे वाक्य आमच्या अर्ध्या वर्गाला पटलं होतं 😅 मग प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन यातला फरक परत पहिल्यापासून शिकवला. न सांगता घातलेल्या चुकाही निघतात कधीकधी, त्या आधी स्वतः वाचून काढा.

खडूडस्टर: मग उद्या श्वसनावरच करते, माझ्याही वर्गात निम्मे फसणार बघा.