फ्री डिशचा जुना बॉक्स मेलाय, कॅपॅसिटर बदलू का? (बजेट २०० रु.)

काजूवाला_देवरुख:
मंडळी, आईकडे गावाला डीडी फ्री डिशचा जुना एमपीईजी-२ (जुन्या पद्धतीच्या सिग्नलचा) बॉक्स आहे, बारा तेरा वर्षं झाली असतील. दिवाळीपासून मेलाय. मेलाय म्हणजे लाल दिवा मिणमिणतो, आतून टिक टिक टिक आवाज येतो आणि टीव्हीवर काहीच नाही. त्याआधी महिनाभर सकाळी लावला की दहा मिनिटं चालू व्हायचा नाही, मग आपोआप व्हायचा. बाजारातल्या मेकॅनिकने न उघडताच सप्लाय गेलाय म्हणून ४५० सांगितले. मी झाकण काढलं तर एक १००० मायक्रोफॅरड १० व्होल्टचा कॅपॅसिटर डोक्यावर फुगलेला दिसतोय, बाकीचे बरे वाटतात. फ्यूज चांगला आहे. माझ्याकडे २५ वॅटची सोल्डर गन आणि पिवळा साधा मल्टिमीटर आहे. बजेट २००. कृपा करून नवीन बॉक्स घ्या असं सांगू नका, आईला जुन्या रिमोटची बटणं न बघता दाबता येतात.

टेक्नोटग्या:
नवीन बॉक्स घ्या. एमपीईजी-४ वाला. जास्त चॅनल लागतात, पिक्चर पण स्वच्छ. मी मागच्या वर्षी १४०० ला घेतला, वायफाय डोंगल पण लागतो त्याला.

रावसाहेब_७२:
आमच्या काळी याला कंडेन्सर म्हणायचे. ८२ च्या एशियाडला रंगीत टीव्ही घेतला तेव्हापासून घरातलं सगळं मी स्वतः उघडतो. कंडेन्सर फुगला की बदलायचा, त्यात विचारायचं काय? आणि हल्लीच्या मालात दम नाही हेही तितकंच खरं. रच्याकने (बाय द वे), सह्याद्री बघते का माऊली? मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, माझ्या आयडीतला आकडा त्याचाच आहे.

मनीमाऊ:
काका मला वाटायचं ७२ हे तुमचं वय आहे 😀 हलके घ्या.

सोल्डरबाबा:
धागाकर्ते, तुम्ही लिहिलंय ना सकाळी दहा मिनिटं लागायची, तिथेच रोग कळला. कॅपॅसिटर आतून सुकत आला की त्याचा आतला रेझिस्टन्स म्हणजे ईएसआर वाढतो, गरम झाला की थोडा कमी होतो, म्हणून बॉक्स तापल्यावर चालू होतो. हेअर ड्रायरने सेकंडरीकडचे (कमी व्होल्टच्या बाजूचे) कॅपॅसिटर दोन मिनिटं शेकून बघा, जीव आला तर शंकाच नको (झाकण उघडं असताना बोर्डाला हात लावायचा नाही, वारा लांबून).
टिक टिक म्हणजे सप्लाय सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि परत बसतोय. कारणं तीन. सेकंडरीचा कॅपॅसिटर गेलाय, किंवा तिथलाच डायोड शॉर्ट आहे, किंवा प्रायमरीकडे (२३० व्होल्टच्या बाजूला) पीडब्ल्यूएम आयसीच्या, म्हणजे सप्लाय चालवणाऱ्या चिपच्या, शेजारचा छोटासा २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्टवाला स्टार्टअप कॅपॅसिटर सुकलाय. हा तिसरा सहसा फुगत नाही, दिसायला एकदम नवा, आणि बऱ्याच वेळा तोच असतो. तुमच्या पिवळ्या मीटरला कॅपॅसिटरची रेंज नसते, पण असती तरी फसवलं असतं, कारण मायक्रोफॅरड बरोबर दाखवतो आणि ईएसआर मात्र बोंबललेला असतो. त्यामुळे मोजत बसू नका, सेकंडरीचे पाच सहा आणि तो छोटा असे सगळेच काढा. एकेक पाच दहा रुपयांचा. फक्त १०५ डिग्री (तापमान सोसणारा) आणि लो ईएसआर मागा. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, कमी कधीच नाही.

टेक्नोटग्या:
एवढा वेळ घालवण्यापेक्षा १४०० काय जास्त आहेत? वेळेची पण किंमत असते.

काजूवाला_देवरुख:
भाऊ बजेट २०० लिहिलंय वर.

शॉकलागलेला:
बाबांनो तो मोठा ४०० व्होल्टवाला डबा (तोही कॅपॅसिटरच) विसरू नका. मी प्लग काढून दोन मिनिटांनी बोट लावलं होतं, हात खांद्यापर्यंत बधिर झाला आणि झटक्यात मागच्या कपाटावरची बरणी फुटली, लोणच्याची, तेल सगळ्या खोलीत. बायको अजून बॉक्स हा शब्द काढू देत नाही.

सोल्डरबाबा:
+१. २३० चे रेक्टिफाय होऊन ३२० च्या वर डीसी त्यात साठतो, आणि मरका सप्लाय असेल तर तो लवकर उतरत पण नाही. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढू नका, ते फक्त रीलमध्ये छान दिसतं. होल्डरला दोन वायरी लावलेला ६० वॅटचा साधा बल्ब त्याच्या दोन पायांना टेकवा, मग मीटरने बघा, शून्याजवळ आला की मगच हात.

रावसाहेब_७२:
आम्ही स्क्रू ड्रायव्हरनेच करायचो. काही होत नाही.

शॉकलागलेला:
काका तुम्हाला काही झालं नाही म्हणून बाकीच्यांना होत नाही असं कसं?

न्यूजर्सीचा_नाना:
इकडे आम्ही सरळ अख्खं किट मागवतो, ईएसआर मीटर पण आहे माझ्याकडे, जपानी कॅपॅसिटरशिवाय मी काही लावतच नाही. २००० च्या आसपास खराब इलेक्ट्रोलाइटच्या कॅपॅसिटरनी जगभरच्या मदरबोर्डांची वाट लावली होती, तेव्हा माझ्या तीन कॉम्प्युटरचे मीच बदलले.

मनीमाऊ:
नाना, देवरुखला २०० रुपयात ईएसआर मीटर कुठे मिळेल तेवढं सांगा.

पेठकर:
पुण्यात बुधवार पेठेत जा, पाहिजे ते मिळेल. मुंबईकर असाल तर लॅमिंग्टन रोड. पण एक सांगतो, मी उत्साहात उलटा लावला होता. कॅपॅसिटरवर जो वजाचा पट्टा असतो तो निगेटिव्ह, आणि बोर्डावर बहुतेक वेळा रंगवलेली अर्धी बाजू निगेटिव्ह असते, मी घाईत उलटं समजलो. चालू केल्यावर चार सेकंदांनी फटाका, आणि वास असा की सोसायटीचा वॉचमन वर आला. जुना काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, एवढंच.

छत्रीदुरुस्ती_सातारा:
मी हाच धंदा करतो, बॉक्स उघडण्याआधी छत्रीची केबल काढून बघितली का? त्याच केबलमधून बॉक्स वर एलएनबीला (छत्रीवरच्या रिसीव्हरला) १३ नाहीतर १८ व्होल्ट देतो. कोकणात पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी जातं, आतली तार आणि जाळी चिकटते आणि सप्लाय असाच टिक टिक करतो. लोक बॉक्स फेकून नवा आणतात आणि तोही बसतो. नवीन बॉक्सवाले ज्यांचा १२ व्होल्टचा अडॅप्टर बाहेर असतो त्यांनी तर आधी अडॅप्टर बदलून बघावा.

काजूवाला_देवरुख:
केबल काढून बघितली, तरी टिक टिक. पण कनेक्टर खरंच हिरवा पडलाय, तो कापून नवा लावतो. ड्रायरचा प्रयोग केला, चौथ्या मिनिटाला दिवा स्थिर झाला आणि बूट स्क्रीन आली!! आई म्हणाली केस कुणाचे वाळवतोयस.

सोल्डरबाबा:
झालं तर मग. सगळे बदला. आणि पहिल्यांदा लावताना बल्ब सिरीजमध्ये (मेनच्या एका वायरीत मधे जोडून) ठेवा. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भकाभक पेटूनच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

अवांतरप्रेमी:
अवांतर: फ्री डिशवर मराठी चॅनल टिकत का नाहीत? चॅनलच्या जागांचा लिलाव झाला की दरवेळी काहीतरी गायब.

रावसाहेब_७२:
यावर वेगळा धागा हवा. मी काढतो.

टेक्नोटग्या:
एमपीईजी-४ घेतलात तर जास्त दिसतील हेच सांगतोय मी कधीपासून.

काजूवाला_देवरुख:
अपडेट. इथल्या दुकानात १०५ डिग्री नाहीतच, सगळे ८५ वाले. १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्ट आणि ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्ट असे दोनच घेतले, कनेक्टर धरून ४० रुपये.

सोल्डरबाबा:
थांबा, लावू नका. कुरियरने १०५ मागवा. नियम असा की दर १० डिग्रीला आयुष्य निम्मं होतं. २००० तासांचा १०५ वाला आत ६५ डिग्री असताना ३२००० तास जाईल, ८५ वाला ८००० तासात संपेल. चौपट फरक आहे, पाच रुपयांसाठी. आणि दोनच का? एक गेला म्हणजे शेजारचे रांगेत उभे असतात.

न्यूजर्सीचा_नाना:
अनुमोदन. जपानीच लावा.

काजूवाला_देवरुख:
बाबा, हिशोब मी पण केला. आई रोज पाच तास बघते, नंतर भिंतीवरचं बटण बंद करते, स्टँडबाय वगैरे तिला मान्य नाही. ८००० भागिले ५ म्हणजे १६०० दिवस, चार वर्षं. चार वर्षांनी परत ४० रुपये घालीन. कुरियरचेच ८० मागत होता. तर लावले दोन्ही काल रात्री. बल्ब सिरीजमध्ये, लागला आणि मंदावला, दिवा स्थिर, ५ व्होल्टच्या जागी ५.०४. नवा कॅपॅसिटर उंच निघाला, झाकण बसेना, म्हणून पायांवर नळी चढवून आडवा झोपवला. सकाळी न थांबता चालू झाला. आई बातम्या लावून बसलीये. सगळ्यांचे आभार, तुमचं कुणाचंच पूर्ण ऐकलं नाही त्याबद्दल माफी.

सोल्डरबाबा:
आडवा झोपवलाय तो डायोडच्या हीटसिंकपासून लांब आहे ना? फोटो टाका.

काजूवाला_देवरुख:
आहे, बोटभर अंतर आहे. फोटो टाकलाय.

सोल्डरबाबा:
फोटोत बॉक्सवर तो क्रोशाचा रुमाल कशाला? वरची भोकं झाकली गेलीत. ६५ डिग्रीचा हिशोब विसरा, यात ७५ सहज होईल, म्हणजे तुमची चार वर्षं दोनवर आली.

काजूवाला_देवरुख:
तो तेरा वर्षं तिथेच आहे. मी दोनदा काढला, दोनदा परत घातला गेला.

मनीमाऊ:
म्हणजे रोगाचं मूळ सापडलं की.

पेठकर:
माझ्या आईचा पण आहे, टीव्हीवर, फ्रीजवर, मिक्सरवर सुद्धा.

भाऊराव_नांदेड:
सगळा धागा वाचला नाही, पण माझ्या होम थिएटरमधून घूं घूं आवाज येतो, त्यात पण कॅपॅसिटरच असेल का? बजेट ३००.

टेक्नोटग्या:
नवीन घ्या.