रॅम्प सगळीकडे बसत नाही

वयस्कर आईवडिलांसाठी घर सोयीचं आणि सुरक्षित कसं करायचं, या चर्चेत वर एकांनी 'आईवडिलांसाठी पायऱ्या काढून सरळ रॅम्प करा' असं सुचवलंय. आमच्या सांगलीत ते गणित अवघड आहे. २००५ आणि २०१९चा पूर बघितल्यावर बऱ्याच जणांनी जोतं चांगलं तीन फूट उचलून घेतलंय. व्हीलचेअरच्या रॅम्पला एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. म्हणजे तीन फुटांना छत्तीस फूट, तेही मधला सपाट टप्पा न धरता. गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत, एवढं अंगण आहे कुणाकडे? त्यापेक्षा सहा-सहा इंचांच्या, सगळ्या सारख्या उंचीच्या पायऱ्या करा आणि दोन्ही बाजूंना रेलिंग लावा. चकचकीत ग्रॅनाइट मात्र नको हं, पावसाळ्यात त्यावर तरणीताठी माणसंही आपटतात.

बाथरूमच्या दाराबद्दल कुणीच बोललं नाही. ते बाहेर उघडणारं हवं. आत माणूस पडला की आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. कडीही बाहेरून काढता येईल अशी बघा. आणि टॉवेलच्या रॉडला आधाराचा दांडा समजू नका, तो वजन घ्यायला केलेलाच नसतो. खरा दांडा भिंतीत अँकर बोल्टने पक्का बसवा आणि मिस्त्री जायच्या आत स्वतः लोंबकळून बघा.