चढ की ट्रॅक? सातारा हिल हाफच्या तयारीत सपाटीवरचे इंटरव्हल सोडावेत का

घाटमार्गी
सातारा हिल हाफ मॅरेथॉनला आठ आठवडे उरले तरी पुण्या-मुंबईचे अनेक धावक दर मंगळवारी ट्रॅकवर ४०० मीटरचे इंटरव्हलच (जोरात एक फेरी, मग थोडी विश्रांती, पुन्हा फेरी) मारत असतात. शर्यतीतला यवतेश्वर घाट चढायचा असेल तर हे बंद करा. १०० मीटरला ४ ते ६ मीटर चढणारा डांबरी रस्ता शोधा. १५ मिनिटं हलकं धावून चार स्ट्राइड्स (थोड्या सेकंदांच्या वेगवान, सहज धावा), मग ९० सेकंद चढ आणि सावकाश धावत खाली. सुरुवात अशा सहा चढांपासून, चौथ्या आठवड्यात दहा. चढावर पाऊल कमी उंचीवरून पडतं, त्यामुळे धक्का कमी बसतो. नितंब, पोटरी आणि घोट्याला मिळणारी ताकद ट्रॅकवर मिळत नाही. प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांनी न्यूझीलंडमध्ये आपल्या धावकांकडून टेकड्या करून घेतल्या आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पीटर स्नेलने ८०० मीटरचं, मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी जिंकलं.

चारशे_मीटर
लिडियर्ड यांच्या आखणीत टेकड्यांचे आठवडे संपले की ट्रॅकवरचं वेगाचं काम यायचं. ते वगळून त्यांचा दाखला देणं बरोबर नाही.

आता ९० सेकंदांचा हिशोब. चढाच्या पहिल्या ३०-४० सेकंदांत हृदयगती वर येतच असते. पुढे जेमतेम ५० सेकंद खरं काम होतं, आणि खाली यायला दोन मिनिटं लागली की दम पुन्हा खाली बसतो. म्हणजे दहा चढांत हृदयगती वरच्या पट्टीत राहते ती मिनिटं आठच्या आसपास. याउलट १० किलोमीटर ५० मिनिटांत धावणाऱ्याने सपाटीवर १००० मीटर ४:५० ने पाच वेळा केले, मध्ये अडीच मिनिटं जॉग, तर तोच आकडा दुपटीच्या वर जातो. शिवाय चढावर पाऊल आखूड पडतं, जमिनीला जास्त वेळ टेकून राहतं. पायांना वेगाची सवय त्यातून लागत नाही.

घाटमार्गी
हिशोब मान्य, पण तो छोट्या चढाचा आहे. पुण्याजवळ सिंहगड किंवा बोपदेव घाटात सलग तीन-चार मिनिटं चढता येतं. ३ मिनिटांचे पाच चढ घ्या, दम तितकाच लागतो. चूक होते ती पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) बघून चढण्यात. घड्याळ चढावर ६:३० दाखवतं, माणूस घाबरून जोर लावतो आणि तिसऱ्या चढाला कंबरेतून वाकतो. तिथून पुढे नितंब काम करेनासे होतात आणि सगळा भार पोटरीवर येतो. श्वासावरून जोर ठरवा: दोन-तीन शब्द बोलता यावेत, पूर्ण वाक्य नाही. पहिल्या चढाला जिथे पोचलात तिथली खूण लक्षात ठेवा. शेवटचा चढ तिच्या अलीकडेच संपला, तर सुरुवात जोरात झाली होती.

आणि ट्रॅकवर तरी चुका कुठे कमी आहेत? पहिला हजार ४:३० ने आणि पाचवा ५:१० ने, हे दर आठवड्याला दिसतं.

उताराची_बाजू
तुम्ही दोघेही ज्या गोष्टीवर बोलत नाही, सातारा तिथेच हातातून जातो. चढून गेलेला रस्ता उतरायचाही असतो. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावतात. ही सवय चढ किंवा सपाटी, कशातूनच येत नाही. मग शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये दम शिल्लक असतो, पण मांड्या साथ देत नाहीत.

३-४ टक्के उतारावर ६० सेकंदांच्या चार फेऱ्यांपासून सुरुवात करा, चालत वर या. पावलं आखूड आणि भरभर, टाच पुढे रोवायची नाही. अशी तीन सत्रं पुरतात, कारण एकदा दुखून गेलेल्या मांड्या पुढचे काही आठवडे तोच मार बऱ्यापैकी सोसतात. शेवटचं सत्र शर्यतीच्या किमान १२ दिवस आधी. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला शेवाळ असतं, तिथे उताराचा सराव नकोच.

टाचेमागची शीर सकाळी उठल्यावर आखडत असेल, तर चढही थांबवा. चढावर टाच खाली दबते आणि शीर हाडाला जिथे जोडलेली असते तिथेच जास्त ताण येतो. अशांना सपाट रस्ता बरा.

चारशे_मीटर
उताराचं पटलं, आणि साताऱ्यापुरता मंगळवार घाटाला द्यायला हरकत नाही. पण वेगाची सवय टिकवायला आठवड्यातल्या एका हलक्या धावेअखेर सपाटीवर २० सेकंदांचे सहा स्ट्राइड्स तरी ठेवा. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावायची असेल, तर सातारा झाल्यावर दोन आठवडे हलकं धावून ट्रॅकवर परत या. तिथे पेडर रोड सोडला तर फार चढ नाही. ठरलेली पेस तासन् तास धरून ठेवायची असते, आणि ती घाटात शिकता येत नाही.

घाटमार्गी
तो पेडर रोड शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात, थकलेल्या पायांवर येतो. म्हणून मुंबईच्या तयारीतही दर दुसऱ्या आठवड्याला लांब धावेच्या शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये ६० सेकंदांचे चार चढ हवेतच.