मदत हवी आहे: आर्डर (Ardour) या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये केलेली गाणी यूपीआयवाल्यांना विकायची कशी?

नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या ठिकाणी काढला असेल तर हलवा.

पाच गाण्यांचा ईपी, म्हणजे छोटा अल्बम, तयार आहे. सगळं उबंटू स्टुडिओवर (रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअरं सोबत येणारं फुकट लिनक्स), मिक्सिंग आर्डरमध्ये, ड्रम हायड्रोजन या ड्रम मशीन सॉफ्टवेअरमध्ये. संबळ मात्र खरं आहे, गल्लीतल्या काकांनी वाजवलंय. लॅपटॉपच्या पंख्याची घरघर माइकमध्ये यायची म्हणून लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि वायर खिडकीतून आत घेतली.

मित्र म्हणतो फुकटच्या सॉफ्टवेअरवर केलंस तर गाणी पण फुकटच द्यावी लागतील. तसं काही नसतं, जीपीएल, म्हणजे या सॉफ्टवेअरचं मुक्त लायसन, सॉफ्टवेअरला लागू होतं, त्यात केलेल्या गाण्याला नाही. फसलो ते दुसरीकडेच, फ्रीसाउंड या आवाजांच्या साइटवरून पावसाचा आवाज घेतला होता आणि त्याचं लायसन निघालं नॉन-कमर्शियल, मग तो उडवला आणि मोरीच्या पत्र्यावर पडणारा आपलाच पाऊस रेकॉर्ड केला. तोच भारी वाटतोय.

आता घोडं अडलंय विकण्यात. बँडकॅम्प ही गाणी थेट विकायची साइट डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं, त्याला माझी ना नाही, पण पैसे येणार पेपालवर, आणि पेपालने भारतातल्या भारतातले व्यवहार एप्रिल २०२१ पासून बंद केलेत. माझे ऐकणारे सगळे इथलेच, फोनपे-जीपेवाले, इंटरनॅशनल चालणारं कार्ड एकाकडे नाही. स्पॉटिफायवर टाकावं तर २०२४ पासून १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत, वर गाणी तिथे पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची वर्षाची फी. आणि नातेवाईक तर काय, "व्हॉट्सॲपवर टाक ना रे एमपीथ्री!"

कुणी थेट यूपीआयवर गाणी विकलीत का? ५० रुपये ठेवलेत, जास्त होतात का?

प्रतिसाद: ५० ठीक आहेत. मी क्यूआर छापलेलं कार्ड करतो, कार्यक्रमानंतर दारात उभं राहायचं, पैसे आले की तिथल्या तिथे ड्राइव्हची लिंक पाठवायची. लिंक पुढे फिरणारच, त्याचा त्रास करून घेऊ नका. एकच, संबळवाल्या काकांकडून लेखी घेतलंय का? वादक म्हणून त्यांचाही हक्क असतो.

धागाकर्ता: नाही घेतलं हो, डोक्यातच आलं नाही. संध्याकाळी कागद घेऊन जातो. कार्डाला कागद कुठला वापरता, साधा चालतो का?